काटा तिथेच, पट्टा मात्र दोन भोकं आत: स्नायू रक्तात नक्की सोडतात तरी काय?

ढवळीचा | १४ जून, रात्री ९:४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. लांब आहे, जेवून वाचायला बसा.

वय ४९, उंची पाच फूट सहा. मार्चमध्ये वजन ८८ किलो, कंबर १०४ सेंटीमीटर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.३, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३८. फोंड्याला बसून नोकरी, दुपारी शीत-कडी, संध्याकाळी गाड्यावरचं रस ऑमलेट. डॉक्टर म्हणाले, तीन महिने चालून दाखवा, नाहीतर गोळी सुरू. तेव्हापासून आठवड्यातले पाच दिवस फर्मागुडीचा चढ, पाऊण तास, घाम निघेपर्यंत.

परवा तपासणी झाली. वजन ८६.५. बारा आठवड्यांत दीड किलो! घरी हसले. पैसे भरून ठेवलेल्या जिमचा ट्रेनर म्हणाला, "काका, चालण्याने काही होत नाही, हा डबा घ्या." पण बाकीचे आकडे बघा: कंबर ९७, ट्रायग्लिसराइड १६१, एचबीए१सी ५.९. पट्टा दोन भोकं आत गेला.

भाचा फिजिओथेरपी शिकतो. तो म्हणतो, "मामा, स्नायू ही ग्रंथी आहे. हलली की रक्तात प्रथिनं सोडते, ती चरबीशी बोलतात." वर हेही म्हणाला की जाड माणसात ही भानगड वेगळी असते. आणि काल व्हॉट्सअ‍ॅपवर एका दूरच्या काकांनी "आयरिसिन वाढवणाऱ्या" कॅप्सूलची जाहिरात पाठवली. साठ कॅप्सूल, किंमत सांगत नाही, तुम्हाला झोप लागणार नाही.

खरं काय? जाणकारांनी उजेड पाडावा.

रस_ऑमलेट | १४ जून, रात्री ९:५२

माझं नाव घेऊन बदनामी केल्याबद्दल जाहीर निषेध. मी प्रथिनच आहे. रसाचं काय ते तुम्ही बघा.

निवृत्त_मास्तरीण | १४ जून, रात्री ११:०५

भाऊ, तुमच्या भाच्याला माझ्याकडून एक उंडो आणि कापां. बरोबर सांगितलं पोराने.

मी तीसेक वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. सुरुवातीला आम्ही वर्गात सांगायचो की स्नायू हाडं हलवतो, उष्णता देतो, ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवतो, संपलं. चरबीबद्दल तर तेवढंही नाही, ती नुसती कोठी. मग १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाह पेटवणारं प्रथिन सापडलं, १९९४ मध्ये चरबीतूनच सुटणारं, भूक आवरणारं लेप्टिन सापडलं, आणि कोठी बोलते हे मान्य करावं लागलं. स्नायूचा नंबर त्यानंतर लागला. २००० साली कोपनहेगनच्या गटाने माणसांना एकाच पायाने व्यायाम करायला लावला आणि दोन्ही पायांच्या रक्तवाहिन्यांतून रक्त घेतलं. काम करणाऱ्या पायातून इंटरल्यूकिन-६ (आयएल-६) हे प्रथिन बाहेर पडत होतं, निवांत पायातून नाही. माणूस तोच, हृदय तेच. एवढा साधा पुरावा मला आजही आवडतो. त्याच गटाच्या बेंटे क्लारलुंड पेडरसन यांनी २००३ मध्ये अशा प्रथिनांना "मायोकाइन" हे नाव सुचवलं.

नावाची गंमत सांगते, मास्तरकी जात नाही. ग्रीक "म्यूस" म्हणजे उंदीर आणि स्नायूही. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं म्हणून. आपला मूषक त्याच शब्दाचा सख्खा चुलतभाऊ. चतुर्थीला मखराजवळ बसलेल्या त्या बारक्या प्राण्याकडे या नजरेने बघा.

आता कामाचं. शरीराच्या वजनाचा साधारण ४० टक्के भाग सांगाड्याला जोडलेले स्नायू असतात. एवढी मोठी ग्रंथी दुसरी नाही. मात्र ती आकुंचन पावली तरच बोलते. आयएल-६ किती सुटणार हे तीन-चार गोष्टींवर ठरतं: किती वेळ, किती जोर, किती मोठे स्नायू कामाला लावले, आणि स्नायूतलं ग्लायकोजेन किती उतरलं. मॅरेथॉन धावणाऱ्याच्या रक्तात ते शंभरपटीपर्यंत चढलेलं मोजलंय. तुमच्या फर्मागुडीला तेवढं नाही चढणार, उगाच छाती फुगवू नका. पण पाय आणि कुल्ले हे सगळ्यात मोठे स्नायू, आणि चढावर तेच राबतात.

संशयात्मा | १५ जून, सकाळी ८:१०

थांबा बाई. आयएल-६ चांगलं? कोविडच्या दुसऱ्या लाटेत माझ्या सासऱ्यांचं आयएल-६ वाढलं म्हणून आम्ही टोसिलिझुमॅबच्या इंजेक्शनसाठी अर्धा गोवा पालथा घातला होता. ते इंजेक्शन आयएल-६ची वाटच अडवतं. जाड माणसात बसल्या जागी आयएल-६ जास्त असतं आणि ते वाईट, हेही सगळीकडे छापलेलं असतं. एकच रेणू चोर आणि पोलीस दोन्ही कसा?

निवृत्त_मास्तरीण | १५ जून, दुपारी ३:३०

हाच प्रश्न वर्गात शेवटच्या बाकावरचा मुलगा विचारायचा. तोच पुढे चांगला डॉक्टर व्हायचा.

जुन्या घरात राहिला असाल तर कळेल. कौल सरकलं की पावसाळाभर रात्री टप टप पाणी गळतं. थेंब बारीक, पण चार महिन्यांत वासा कुजतो. आणि अंगणात तासभर सर कोसळते, गटार धुऊन निघतं, पाणी ओसरतं. पाणी तेच. लठ्ठपणात पोटातल्या, आतड्यांभोवतीच्या चरबीत रोगप्रतिकारक पेशी ठाण मांडतात, आणि तिथून आयएल-६, टीएनएफ-अल्फा दिवसरात्र ठिपकत राहतात. ते यकृतात जातं, यकृत दाहाची प्रथिनं बनवतं, इन्सुलिनला स्नायू दाद देईनासे होतात. कोविडमध्ये तर धरणच फुटलं होतं, सोबत टीएनएफ आणि बाकी सगळा लवाजमा. व्यायामातली सर वेगळी. आयएल-६ एकटंच चढतं, टीएनएफला सोबत घेत नाही, व्यायाम थांबल्यावर काही तासांत उतरतं. आणि उतरता उतरता मागून आयएल-१० आणि आयएल-१आरए ही दाह शमवणारी प्रथिनं वर येतात.

हे नुसतं सांगायचं नाही, तपासलंय. २०१९ मध्ये याच कोपनहेगनकरांनी पोट सुटलेल्या माणसांवर बारा आठवड्यांचा प्रयोग केला. काहींना सायकलचा व्यायाम, काहींना काहीच नाही. आणि दोन्हींकडे निम्म्यांना तुमचंच ते टोसिलिझुमॅब, निम्म्यांना नुसतं सलाइन. सायकल मारणाऱ्या सलाइनवाल्यांची पोटातली खोल चरबी कमी झाली. सायकल तेवढीच मारून टोसिलिझुमॅब घेतलेल्यांची झाली नाही. घाम तोच, पण आयएल-६ची वाट बंद, आणि खोल चरबी जागची हलेना.

धागाकर्त्या भाऊंचा पट्टा का आत गेला आणि काटा का हलला नाही, याचं एक उत्तर इथे आहे. खोल चरबी मुळात एकूण वजनाचा लहान हिस्सा. ती थोडी गेली की रक्ताचे आकडे सुधारतात, काट्याला पत्ता लागत नाही. शिवाय चढाने मांड्या भरल्या असतील, त्यांचं वजन काटा चरबीच्याच खात्यात टाकतो.

संशयात्मा | १५ जून, रात्री ८:४५

टोसिलिझुमॅबचा प्रयोग माहीत नव्हता. पटलं. अर्धं.

आता त्या कॅप्सूलकडे वळू, कारण तिथे मी चार शब्द हक्काने बोलू शकतो. मी वेर्ण्याला औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीला (क्यूसी) आहे, प्रतिपिंडांनी प्रथिन मोजतात त्या एलायझा चाचणीच्या प्लेटी रोज हातात असतात.

२०१२ मध्ये हार्वर्डच्या ब्रूस स्पिगेलमन यांच्या प्रयोगशाळेने "नेचर"मध्ये आयरिसिन जाहीर केलं. (वर मास्तरीणबाईंनी १९९३चं टीएनएफ सांगितलं ना, तेही याच गृहस्थांच्या प्रयोगशाळेतलं.) उंदरांत स्नायूतल्या एफएनडीसी५ या प्रथिनाचा तुकडा कापला जाऊन रक्तात येतो, पांढऱ्या चरबीला तपकिरीसारखं वागायला लावतो, म्हणजे साठवण्याऐवजी जाळायला. नाव ग्रीकांची निरोप्या देवता आयरिस हिच्यावरून. झालं, जगभर गाजावाजा. प्रत्येक विद्यापीठाने एलायझा किट मागवलं आणि जाड, बारीक, मधुमेही, सगळ्यांचं आयरिसिन मोजलं. कुणाला जाड माणसात जास्त सापडलं, कुणाला कमी. व्यायामानंतर कुणाला वाढलेलं दिसलं, कुणाला नाही. जास्त सापडलं त्यांनी "आयरिसिनला शरीर दाद देत नाही" अशी उपपत्ती मांडली, इन्सुलिनसारखी.

मग २०१३ मध्ये कुणीतरी माणसाचा जनुक नीट वाचला. प्रथिन बांधायला जिथून सुरुवात करायची तिथे उंदरात नेहमीचा एटीजी हा संकेत असतो, माणसात एटीए. म्हणजे माणसात ते फारच कमी बनणार. २०१५ मध्ये दुसरा धक्का: बाजारातल्या किटमधली प्रतिपिंडं रक्तातल्या भलत्याच प्रथिनांना चिकटत होती. आमच्याकडे अशी प्लेट आली तर आम्ही अख्खी बॅच अडवून ठेवतो, इथे त्यावर शेकडो शोधनिबंध उभे होते. त्याच वर्षी स्पिगेलमन गटाने मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे प्रतिपिंडांऐवजी रेणूंच्या वजनावरून ओळखून, मोजून दाखवलं की माणसाच्या रक्तात आयरिसिन आहे, मिलीलीटरला तीन-चार नॅनोग्रॅम, आणि व्यायाम करणाऱ्यांत थोडं अधिक. म्हणजे थाप नव्हती, पण ढोल मोठा होता.

तात्पर्य कॅप्सूलपुरतं: आयरिसिन हे प्रथिन आहे. गिळलं तर पोटात बांगड्याचं जे होतं तेच त्याचं होणार.

दोन_बांगडे | १५ जून, रात्री ९:०२

बांगड्याला मध्ये आणू नये. बाकी प्रतिसाद झकास. वाचनखूण साठवली.

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. गेल्या सहा महिन्यांत आठवड्याच्या इंजेक्शनवर ११ किलो उतरलो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. चालत बिलत नाही. मला हे मायोकाइन पुराण लागू आहे का?

निवृत्त_मास्तरीण | १५ जून, रात्री ९:४८

तुम्हालाच जास्त लागू आहे. इंजेक्शनने उतरलेल्या किलोंमध्ये चरबीबरोबर स्नायूही असतो. व्यायाम नसेल तर ग्रंथीच आक्रसत जाते. इंजेक्शन बंद झालं आणि वजन परतलं, तर परतताना ते बहुतेक चरबी होऊन येतं.

एक मौज. तुमच्या इंजेक्शनमध्ये जीएलपी-१ या आतड्यातल्या संप्रेरकाची नक्कल आहे. २०११ मध्ये उंदरांवर दिसलं की व्यायामातलं आयएल-६ आतड्याच्या आणि स्वादुपिंडाच्या पेशींना जीएलपी-१ जास्त बनवायला लावतं आणि त्यातून इन्सुलिन सुधारतं. तुम्ही जे टोचून घेता, त्याच्या थेंबभर गावठी आवृत्तीला स्नायू हातभार लावतो. इंजेक्शनची बरोबरी नाही, हे स्पष्ट सांगते, नाहीतर उद्या बंद कराल आणि माझ्या नावाने शंख.

पोयीवाली | १६ जून, सकाळी ६:२०

मी म्हापशाची. वय ५६, वजन ९२, दोन्ही गुडघे गेलेले. चढ सोडा, बाजाराची पायरी नको होते. सगळे प्रयोग सायकल मारणाऱ्यांवर. आमच्यासारख्यांची ग्रंथी कायमची मुकी का? आणि माझी आई, दोन मावश्या, सगळ्या अशाच. घराणंच जाड.

निवृत्त_मास्तरीण | १६ जून, सकाळी १०:१५

ताई, मुकी नाही. तुमच्यासाठी आणखी एक प्रथिन सांगते, ते उलट्या स्वभावाचं आहे.

मायोस्टॅटिन. १९९७ मध्ये सापडलं. स्नायूच स्नायूला सांगतो, "पुरे, आता वाढू नको." बेल्जियन ब्लू जातीच्या बैलांत हा जनुक बिघडलेला असतो, म्हणून ते दगडातून कोरल्यासारखे दिसतात. लठ्ठपणात हा ब्रेक जास्त दाबलेला असतो. २००९ मध्ये अतिलठ्ठ स्त्रियांच्या स्नायूपेशी प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्या, तर त्या बारीक स्त्रियांच्या पेशींपेक्षा जास्त मायोस्टॅटिन सोडत होत्या. बशीत काढून ठेवल्यावरही! पुढच्या वर्षी त्याच गटाने इन्सुलिनला दाद न देणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांना सहा महिने व्यायाम करायला लावला, तर स्नायूतलं आणि रक्तातलं दोन्हीकडचं मायोस्टॅटिन उतरलं. भाच्याने "जाड माणसात वेगळं असतं" म्हटलं ते यासाठी. हरभरे तेच, पण तुमच्या जात्याचा खुंटा घट्ट ठोकलेला. सुरुवातीला जोर जास्त लागतो, आणि दोन आठवड्यांत काही दिसत नाही म्हणून माणसं सोडून देतात.

गुडघ्यांसाठी: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. तेही दुखत असेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवा. टाचा उचलणं, भिंतीला हात लावून ढकलणं, रबरी पट्टा ओढणं. पोट सुटलेल्या माणसांवरच्या एका प्रयोगात बारा आठवडे वजनांचा व्यायाम केला तरी हृदयावरची चरबी कमी झाली, सायकलच हवी असं नाही. गुडघ्यांची सूज असेल तर आधी फिजिओला दाखवा, इंटरनेटवरच्या म्हातारीवर विसंबू नका.

घराण्याबद्दल: पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा २००४ मधला "लॅन्सेट"मधला जोडफोटो शोधा. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे काटा इतका खोटं बोलतो. म्हणून पट्टी कमरेला लावायची, भारतीयांसाठी पुरुष ९० सेंटीमीटर आणि बाई ८०. आणि घराण्याचं म्हणाल तर अख्खा गोवा एकच घराणं आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये छापलेल्या पाहणीत मधुमेहात देशात पहिला नंबर आपला, २६.४ टक्के.

रस_ऑमलेट | १६ जून, सकाळी १०:३१

शेवटी कशात तरी पहिला नंबर.

ढवळीचा | १६ जून, दुपारी १:१०

देव बरें करूं, बाई. आणि संशयात्मा, तुमचेही आभार, काकांना बांगड्याचं उत्तर तसंच्या तसं फॉरवर्ड केलं. त्यांनी ग्रुप सोडला.

दोन शंका उरल्या. एक, चढाच्या मध्यावर मी लिंबू सोडा घेतो, गोड. बंद करू? दोन, आता पाऊस लागला. फर्मागुडीला शेवाळ, गाड्या, छत्री उलटी. गेल्या आठवड्यात दोनच दिवस गेलो.

संशयात्मा | १६ जून, दुपारी १:४०

सोडा बंद करा. व्यायाम करताना साखर पोटात गेली की स्नायूतून आयएल-६ कमी सुटतं, हे सायकलस्वारांवर आणि धावपटूंवर वारंवार दिसलंय. ग्लायकोजेन उतरल्याची बोंब म्हणूनच तर स्नायू ते सोडतो. तुम्ही बोंब मारायच्या आत तोंडात बत्तासा कोंबता. साधं पाणी प्या. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी हे वाचून उपाशीपोटी चढ चढू नये, चक्कर येऊन गटारात जाल.

आणि एक. तीन महिन्यांनी त्याच चढाला आयएल-६ कमी चढायला लागेल. घाबरू नका, स्नायू तयार झाला की तेवढ्याच कामाला कमी ओरडतो. बसल्या जागचं ठिपकणंही कमी होतं.

डिचोलीचा_पाऊस | १६ जून, दुपारी ४:२२

पावसाचा प्रश्न माझ्या नावावर आहे म्हणून उत्तर देतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर चालणं म्हणजे पोहणं. मी देवळाच्या अग्रशाळेच्या पडवीत फेऱ्या मारतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत ६२ पावलं. पुजारी सुरुवातीला संशयाने बघायचे, आता वेळ विचारतात. ऑफिसचा जिना, चार मजले, तीन वेळा. लिफ्टवाला माणूस माझा शत्रू झालाय.

निवृत्त_मास्तरीण | १६ जून, सायंकाळी ६:००

पडवी उत्तम. भाऊ, "पाऊस थांबला की बघू" हे नको. कोपनहेगनमध्येच निरोगी तरुण मुलांना रोजच्या सुमारे दहा हजार पावलांवरून दीड हजारांच्या आत आणलं होतं, फक्त दोन आठवडे. तेवढ्यात इन्सुलिनची दाद घटली आणि पायांचे स्नायू उतरले. ती तर विशीतली पोरं. आपला पाऊस चार महिने.

ढवळीचा | २१ जून, रात्री १०:०५

अपडेट. रामनाथीच्या देवळात विचारून आलो, सकाळी सहाला पडवी मोकळी असते. डिचोलीकर, आमची ७१ पावलं. जिमच्या ट्रेनरला डबा नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मग काका, पैसे परत नाहीत." म्हटलं, तुझी वजनं वापरतो, मांड्यांसाठी.

पुढची तपासणी चतुर्थीच्या आधी. नंतर केली तर नेवऱ्यांचं ट्रायग्लिसराइड येईल.

पोयीवाली | २२ जून, सकाळी ६:४५

दोन उशा ठेवून आठ वेळा उठले-बसले. थोडं थांबून परत आठ. तिसऱ्या वेळी सहाच. खुर्ची करकरते, मी पण. घरचे हॉलमध्ये येऊन बघून गेले की कोण पडलं.